चौथ्या मजल्यावरची खुर्ची

मित्रांनो, मी एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीपाशी ठेवलेली जुनी फिरती खुर्ची आहे. माझ्या उजव्या हातावरचं पॉलिश कोपराएवढ्या जागेत उडालं आहे आणि आसन मधोमध खोलगट झालं आहे. घरी येणारे पाहुणे विचारतात, "ही कशाला ठेवलीत? टाकून द्या की." या घरातली बाई माझ्यावरून फडकं एकदा जास्त फिरवते आणि पाहुण्यांना पाणी विचारते. मी टाकून देण्यासारखी आहे की नाही, ते माझी गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. म्हाताऱ्या सुताराने माझे पाच पाय सागवानाचे केले, त्यांना लोखंडी चाकं बसवली आणि मधोमध जाडजूड स्प्रिंग घातली. आसनात काथ्या इतका ठासून भरला की वर चढवलेलं कातडं टरारून ताणलं गेलं. काम संपल्यावर तो स्वतः माझ्यावर बसला, एक गोल चक्कर मारली आणि कारागिरांना म्हणाला, "काय झाली आहे बघा! हिच्यावर बसणारा उठायचं नाव काढणार नाही."

सगळे हसले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. जन्मल्या दिवशी एवढं कौतुक कोणाच्या वाट्याला येतं! त्या कौतुकाचा खरा अर्थ कळायला मला पुढे बारा-तेरा वर्षं लागली.

तिथून मी पाणीखात्याच्या कचेरीत आले. तुमच्या घरी नळाला पाणी येतं, ते आपोआप येत नाही. कोणीतरी रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडतो, आत माणसाच्या उंचीची चावी घालतो आणि गरागरा फिरवून त्या गल्लीचं पाणी सोडतो. त्याला चावीवाला म्हणतात. आमच्या कचेरीत अशी रीत होती की वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या चावीवाल्याला आत घ्यायचं, तक्रारीच्या खिडकीवर बसवायचं आणि मानाची खुर्ची द्यायची. बाकीच्यांना साधी स्टुलं. ही रीत कोणी घातली माहीत नाही, पण सगळ्यांना ती फार न्यायाची वाटायची.

तर असे एके दिवशी माझ्यासमोर चावीकाका येऊन उभे राहिले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, कचेरीत सगळे त्यांना चावीकाकाच म्हणत. सडसडीत अंग, उन्हाने रापलेला चेहरा आणि पोटऱ्या दगडासारख्या. त्यांनी आपली लांब चावी माझ्यामागच्या भिंतीवर टांगली, हात पँटला पुसले आणि बेताबेताने टेकले, जणू मी कोणा दुसऱ्याची आहे. मग हळूच म्हणाले, "मऊ आहे गं बाई!" मला ते त्याच क्षणी आवडले.

तक्रारीच्या खोलीत तीन खिडक्या होत्या, एक टेलिफोन आणि वह्यांचं एक कपाट. पहिल्या आठवड्यातच काकांच्या लक्षात आलं की माझ्यामुळे उठायची गरजच नाही. पायाने जमिनीला एक रेटा दिला की मी पहिल्या खिडकीवरून तिसरीवर जायचे. अर्ध्या रेट्यात टेलिफोन, पाऊण रेट्यात कपाट. टायपिस्ट बाई हसून म्हणायच्या, "काका, तुमची तर गाडीच आहे!" काकांना मजा वाटायची आणि मला अभिमान. लहान होतो आम्ही दोघंही त्या बाबतीत.

पण मित्रांनो, त्या खिडक्यांतून दिवसभर काय यायचं, तेही सांगायला हवं. चांगलं पाणी आलं म्हणून सांगायला कोणी येत नाही. "तीन दिवस थेंब नाही!" "तुम्ही झोपा काढता का?" "माझी आई आजारी आहे, मी काय करू?" काकांना प्रत्येक गल्लीची चावी पाठ होती. कुठे काय अडकलं असेल ते त्यांना ऐकताक्षणी कळायचं. पण आता त्यांचं काम वहीत लिहून घेण्याचं होतं, जाऊन बघण्याचं नव्हतं. ते लिहायचे, शिव्या ऐकायचे आणि पुन्हा लिहायचे. मग डावीकडचा खण उघडायचा, बिस्किटांचा पुडा निघायचा. एक ओरडणारा माणूस गेला की दोन बिस्किटं, असा जवळजवळ हिशेबच झाला होता. त्यातच त्यांची बायको गेली, आणि घरी लवकर जायचं कारणही उरलं नाही.

वर्षं गेली. खुर्चीला वजन सांगावं लागत नाही. आधी माझी स्प्रिंग बोटभर दबायची, मग दोन बोटं, मग तीन. काथ्या बसला. मी कुरकुरायला लागले. काका म्हणायचे, "म्हातारी झालीस बघ." मी म्हातारी झाले नव्हते, मित्रांनो. मी सांगत होते, पण माझी भाषा त्यांना कळत नव्हती.

एके सकाळी पहिल्या खिडकीवर भांडण चाललं होतं आणि तिकडे टेलिफोन वाजला. काकांनी घाईत जोरात रेटा दिला. माझं चाक फरशीच्या भेगेत अडकलं, माझा एक पाय मोडला आणि काका मला घेऊन आडवे झाले. रांगेतले लोक हसले. दुष्टपणाने नाही, जसं कोणी पडल्यावर हसू येतं तसं. पण काकांना उठवायला चार माणसं लागली, आणि तेव्हा कोणी हसत नव्हतं. काकांची नजर जमिनीवरून उठली नाही.

मला भांडारात टाकलं. भांडार म्हणजे कचेरीच्या मागची लांबट खोली. पाइपांची तोंडं, पितळेच्या तोट्या, गंजलेली झाकणं, आणि मधोमध हा सगळा माल तोलायचा मोठा काटा. तिथल्या भांडारवाल्याला सगळे कुलूप म्हणायचे. तो भांडारही क्वचित उघडायचा आणि तोंडही. मोडकी चाकं घेऊन मी कोपऱ्यात पडले आणि रडत बसले. मला वाटलं, आपलं आयुष्य संपलं. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ त्या दिवशी सुरू झाला होता, हे मला कुठे ठाऊक!

दोन दिवसांनी काका लंगडत आत आले. कुलूप पितळ मोजत होता. काका त्याला म्हणाले, "अरे, जरा मला तुझ्या काट्यावर घे."

"काका, हा तोट्यांचा काटा आहे."

"मीही आता जुना मालच आहे. घे."

काटा एकशे चारवर थांबला. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग पाइपांच्या ढिगावर बसून त्यांनी कुलूपला सगळं सांगितलं. पडल्यावर ते डॉक्टरबाईंकडे गेले होते. बाई म्हणाल्या होत्या, हृदयावर भार आला आहे, वजन उतरवायलाच हवं. "मला वाटलं, आता पळायला सांगणार, उपाशी ठेवणार. तर म्हणाल्या, पळू नका, उपाशी राहू नका. फक्त दिवसभर बसून राहू नका. पाणी प्यायला उठा, वही आणायला उठा, जिने चढा, चालत घरी जा. आणि लोकांचा राग कचेरीतच ठेवून जा. तो पोटावर चढतो म्हणाल्या."

"मग करा की," कुलूप म्हणाला.

"करतो. करायलाच पाहिजे. अरे, पोरीने नवीन घर घेतलंय, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या. वास्तविक पहिल्या दिवशी बापाने जायला हवं. मी गेलो, अठरा पायऱ्यांवर खाली बसलो. पोर नातीला घेऊन खाली आली आणि जिन्यातच आम्ही खाऊ खाल्ला. मी अजून पोरीचं घर पाहिलेलं नाही रे." काकांनी दुखरा पाय चोळला. मग म्हणाले, "हे कोणाला सांगू नकोस. हसतील."

कुलूपने मान हलवली. त्याने शब्द दिला म्हणजे दिलाच.

माझ्या जागी काकांना लाकडी स्टूल मिळालं होतं; ते कुलूपला सगळं सांगत, तेव्हा मला ऐकू यायचं. त्या स्टुलावर अर्ध्या तासात माणसाची पाठ भरून येते, त्यामुळे काका आपोआप उठायचे. कपाट आता रेट्यात येत नव्हतं, चालत जावं लागायचं. टेलिफोनही उभ्यानेच घ्यायचे. पाणी प्यायला ते मागच्या नळावर यायला लागले, तो नळ भांडाराच्या दाराशीच होता, म्हणून मला दिवसातून सात-आठ वेळा त्यांची पावलं ऐकू यायची. सुरुवातीला पावलं घासत यायची. पुढे पुढे ती उचलून पडायला लागली.

मग एकदा एक म्हातारी रडत आली, तिच्या गल्लीत पाणी नव्हतं. काकांनी वहीत लिहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, भिंतीवरची चावी काढली. जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबर चालत गेले, झाकण उघडलं, पाइपातली अडकलेली चकती मोकळी केली आणि परत आले. हात चिखलाने भरलेले. नळावर हात धुताना ते शीळ घालत होते. कुलूपने दारातून डोकं बाहेर काढलं.

"काय काका, लॉटरी लागली?"

"पाणी आलं रे तिच्याकडे! माझ्या हातांनी आलं."

त्या दिवशी खणातला पुडा उघडलाच नाही, असं त्यांनीच सांगितलं. पुढे रोज दुपारी ते एखादी तक्रार घेऊन बाहेर पडायला लागले. साहेब आधी कुरकुरले, पण वहीतल्या तक्रारी कमी होत आहेत म्हटल्यावर त्यांनी कानाडोळा केला. ओरडणारी माणसं तशीच येत होती. पण त्यांचं ओरडणं आता काकांच्या अंगात मुरत नव्हतं, चालता चालता रस्त्यावर गळून पडत होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला काका काट्यावर उभे राहायचे. मी कोपऱ्यातून बघायचे. एकशे एक. अठ्ठ्याण्णव. एकदा मध्येच पुन्हा नव्याण्णव झालं, तर काका म्हणाले, "काट्यालाही चूक करू दे कधीतरी." पंच्याण्णव. कुलूप खडूने आकडे भिंतीवर लिहायचा आणि समोर दुसरा आकडा लिहायचा, तो पायऱ्यांचा. रविवारी काका मुलीकडे जायचे. छत्तीस पायऱ्या झाल्या. मग पंचेचाळीस. दहा महिन्यांनी काटा एक्क्याण्णववर आला आणि काका म्हणाले, "परवा चोपन्न चढलो. तिसरा मजला! नात वरून ओरडत होती, आबा, अजून अठराच! मी पोरीला म्हटलं, आज इथेच. पुढच्या महिन्यात येतो आणि तुझ्या हातचा चहा तुझ्या घरात पितो."

मित्रांनो, मी मोडकी होते, धुळीने भरलेली होते, माझ्यावर एका मांजरीने संसार थाटला होता. तरी सांगते, माझ्याएवढी सुखी खुर्ची त्या गावात नव्हती.

आणि मग सगळ्यांना काकांवर प्रेम करायची हुक्की आली.

काकांची खिडकीवरची तेरा वर्षं पूर्ण होत होती. टायपिस्ट बाईंच्या मनात आलं, बिचारे काका वर्षभर स्टुलावर बसतात, सारखे उठतात, सारखे फिरतात. त्यांची मानाची खुर्ची आपण दुरुस्त करून देऊ या. सगळ्यांनी होकार दिला. त्या भांडारात आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, काय दशा झाली हिची!" त्यांनी स्वतःच्या पदराने माझी धूळ पुसली. खरंच फार मायेची बाई होती ती.

कुलूप तिथेच उभा होता. भिंतीवर खडूचे आकडे होते. तो बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग आतून चार नवी चाकं आणि तेलाचा डबा आणून दिला. पाचवं चाक जुनंच चालणार होतं. माझ्यात नवा काथ्या भरला, पाय जोडला, स्प्रिंगला तेल घातलं. ते तेल इतकं चांगलं होतं की माझी कुरकुर कायमची थांबली. माझी एवढीच भाषा होती, तीही गेली.

सकाळी काका आले तेव्हा सगळे खोलीत दाटीवाटीने उभे होते. टाळ्या वाजल्या. काका दारातच थबकले. त्यांनी एकवार कुलूपकडे पाहिलं. कुलूप आपल्या जुडग्यातल्या किल्ल्या मोजत होता.

"बसा ना काका! बसून दाखवा!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते.

काकांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "अगदी पहिल्यासारखी झाली," ते म्हणाले. आणि बसले. इतक्या माणसांचं मन मोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, त्यांनाही बरं वाटलं. मलाही वाटलं. किती हलके झाले होते ते! मी आनंदाने अख्खी गोल फिरले. त्या आनंदाची मला अजून शरम वाटते.

"चार दिवस बसतो," त्यांनी हळूच कुलूपला सांगितलं, "मग स्टूल मागून घेतो. लगेच नको म्हणणं बरं दिसत नाही."

चार दिवसांनी उन्हाळा लागला. पाण्याची टंचाई सुरू झाली. तिन्ही खिडक्यांवर रांगा रस्त्यापर्यंत गेल्या. काका चावी घ्यायला उठले की साहेब म्हणायचे, "आता खुर्ची दिलीय ना? जागेवर बसा." बाई वही हातात आणून द्यायच्या, "तुम्ही बसा काका, मी देते." पाण्याचा तांब्यासुद्धा टेबलावर यायला लागला. काकांचं नळावर जाणं थांबलं. डावीकडचा खण पुन्हा उघडायला लागला.

एक तारखेला कुलूप खिडकीशी आला. "काका, काट्यावर येता ना?"

"अरे रांग बघ. उद्या येतो."

पुढच्या एक तारखेलाही तो आला. काका हसून म्हणाले, "काटा कुठे पळून जातोय?" तिसऱ्या महिन्यात तो आलाच नाही. मी सगळं मोजत होते. स्प्रिंग आधी बोटभर दबली, मग दीड, मग दोन. मी जिवाच्या आकांताने कुरकुरायचा प्रयत्न करायचे आणि तेल मला गप्प करायचं.

टेलिफोन माझ्या कानाशीच होता. शनिवारी काका मुलीला सांगायचे, "या रविवारी नको गं, दमलोय फार. पुढच्या रविवारी नक्की. अठराच राहिल्यात." दर शनिवारी अठराच राहिलेल्या असायच्या.

एका दुपारी दुसऱ्या खिडकीवर एक माणूस मोठमोठ्याने बोलत होता. काकांनी लेखणी खाली ठेवली, उजव्या हाताने माझा हात घट्ट धरला, आणि त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. सगळा म्हणजे सगळा. समोरचा माणूस ओरडायचा थांबला आणि तोच पहिला धावत आत आला. काकांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

तेराव्या-चौदाव्या दिवशी त्यांची मुलगी कचेरीत आली. खणातून चष्मा निघाला, एक रुमाल, अर्धा पुडा. टायपिस्ट बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आवरेना. तोवर कुलूपने त्यांना सगळं सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून बोलला होता, आणि बोलून उपयोग नव्हता.

"ताई, ही खुर्ची आम्हीच दुरुस्त केली. आम्हाला माहीत नव्हतं हो. त्यांनी बसायचं नव्हतं, हे कोणी सांगितलंच नाही."

"मी शब्द दिला होता," दारातून कुलूप म्हणाला. मग म्हणाला, "मोडायला पाहिजे होता."

मुलीने चष्मा रुमालात गुंडाळला. मग म्हणाली, "बाबांनी मला त्याच दिवशी फोन केला होता. किती खूश होते! माझी खुर्ची परत दिली गं सगळ्यांनी, म्हणाले. मला त्यांच्या डॉक्टरांचं काही ठाऊक नव्हतं. मीही म्हटलं, बरं झालं बाबा, आता आरामात बसा." तिने माझ्या हातावरच्या उडालेल्या पॉलिशवर आपली बोटं ठेवली. "मी नेऊ का ही?"

दोन हमालांनी मला उचललं. अठरा पायऱ्या, छत्तीस, चोपन्न. तिसऱ्या मजल्यावर हमालांनी मला दम खायला टेकवलं. मुलगी भिंतीला हात लावून उभी राहिली आणि त्या अनोळखी माणसांना म्हणाली, "माझे बाबा इथपर्यंत आले होते." हमालांपैकी एकाने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग त्यांनी मला पुन्हा उचललं आणि उरलेल्या अठरा पायऱ्या चढून आत आणलं. काकांनी न पाहिलेलं घर मी पाहिलं. छान आहे. खिडकीतून दूरवर पाण्याची टाकी दिसते.

आता इथे माझ्यावर फार कोणी बसत नाही. नात कधी गोल फिरून घेते आणि पाय वर घेऊन बसली की आई म्हणते, "झालं? चल ऊठ, खाली जाऊन दूध आणू." नात उठते. मी रिकामी होते, आणि मला बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी मऊ खुर्ची असेल. तिच्यावर खुशाल बसा, पण उठा. पाणी पिणाऱ्याला स्वतः उठून पाणी घेऊ द्या. आणि आपलं माणूस दिवसभर एका जागी बसून कोणाकोणाचा राग गिळत असेल, तर त्याला उशी आणून देऊ नका. त्याचा हात धरा आणि त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणा. माया करायची असेल तर अशी करा.

आता दूध घेऊन मायलेकी परत येत आहेत. नात जिना चढताना मोठ्याने पायऱ्या मोजते, दार उघडं असलं की मला सगळं ऐकू येतं. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. तिथे ती रोज एक क्षण थांबते. तिथे थांबायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मग ती मोजू लागते, "पंचावन्न, छप्पन्न..." आणि मी इथे खिडकीपाशी, रिकामी, शेवटची पायरी येईपर्यंत तिच्याबरोबर मोजत राहते.